वस्तू आणि तिचे दर्शन : 'डूम' या संगणकीय खेळाच्या सोर्स कोडची समीक्षा

प्रास्ताविक

नाटकाची समीक्षा करताना संहिता आणि प्रयोग या दोहोंचा स्वतंत्रपणे विचार करण्याची पद्धत मराठीत रूढ आहे. प्रयोग फसला तरी संहिता सकस असू शकते. तसेच सामान्य संहिताही नेपथ्य, प्रकाशयोजना व अभिनय यांच्या बळावर रंगू शकते. संगणकीय खेळाच्या बाबतीतही असा भेद करता येतो. खेळातील पात्रे, शस्त्रे, भिंती, दरवाजे यांची स्थिती आणि त्यांना लागू होणारे नियम ही खेळाची संहिता होय. त्या स्थितीचे पडद्यावर उमटणारे चित्र हा तिचा प्रयोग होय. संगणकाच्या परिभाषेत पहिल्या घटकास 'ऑब्जेक्ट' अर्थात वस्तू आणि दुसऱ्या क्रियेस 'रेंडरिंग' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात रेंडरिंगसाठी 'चित्रण' हा शब्द योजला आहे.

वस्तूंची आज्ञावली आणि चित्रणाची आज्ञावली परस्परांपासून अलग असावी, हे सॉफ्टवेअर रचनेतील एक मान्यवर तत्त्व आहे. वर्गात ते शिकवले जाते आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे गुणदान करतानाही ते विचारात घेतले जाते. मात्र 'अलग असणे' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. वेगळ्या फाइली, वेगळे क्लास आणि आकृतीतील वेगळ्या चौकटी दिसल्या की विभाजन साधले, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक कितपत ग्राह्य आहे, हे एका प्रत्यक्ष आज्ञावलीच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी इड सॉफ्टवेअर या अमेरिकन संस्थेचा 'डूम' हा खेळ निवडला आहे. १० डिसेंबर १९९३ रोजी प्रकाशित झालेल्या या खेळाचा सोर्स कोड डिसेंबर १९९७ मध्ये अभ्यासकांसाठी खुला करण्यात आला आणि १९९९ मध्ये तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला. त्यामुळे ही संहिता आज कोणासही वाचता येते.

तत्त्वाची पार्श्वभूमी

१९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी आज्ञावलीचे विभाग कोणत्या निकषावर पाडावेत, या प्रश्नाची मूलगामी चर्चा केली. कामाच्या पायऱ्यांनुसार विभाग न पाडता, पुढे बदलण्याचा संभव असलेला एकेक निर्णय एकेका विभागात झाकून ठेवावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी 'मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर' ही मांडणी सुचवली. माहितीचे प्रारूप एकीकडे आणि त्याचे दर्शन दुसरीकडे, हा तिचा गाभा होय. एकाच प्रारूपाची अनेक दर्शने असू शकतात, हा तिचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

खेळांच्या क्षेत्रात या विचाराची गरज अधिक तीव्र असते. चित्रण हा खेळातील सर्वांत लवकर कालबाह्य होणारा भाग आहे. पडदे बदलतात, ग्राफिक्स कार्डे बदलतात, चित्रणाच्या लायब्ऱ्या बदलतात. खेळाचे नियम मात्र तेच राहणे अपेक्षित असते. असे असूनही प्राथमिक पाठ्यउदाहरणांत 'शत्रू' नावाच्या क्लासमध्ये स्वतःची हालचाल करणारे एक फंक्शन आणि स्वतःचे चित्र काढणारे दुसरे फंक्शन शेजारी शेजारी लिहिलेले आढळते. वस्तूने आपले सर्व काही आपणच करावे, ही कल्पना वरवर पाहता वस्तुनिष्ठ प्रोग्रामिंगच्या तत्त्वाशी सुसंगत वाटते. परंतु त्यामुळे प्रत्येक वस्तू पडद्याशी बांधली जाते. पडदा नसेल तर तिची चाचणी घेता येत नाही आणि चित्रणाची पद्धत बदलली तर प्रत्येक क्लास उघडावा लागतो.

'डूम'ची रचना

'डूम' सी भाषेत लिहिलेला आहे. त्यात क्लास नाहीत. विभागणी दिसते ती फाइलींच्या आद्याक्षरांतून. 'पी' या अक्षराने सुरू होणाऱ्या फाइलींत खेळाचे नियम आहेत, 'आर' ने सुरू होणाऱ्या फाइलींत चित्रण आहे, 'एस' मध्ये ध्वनी आहे आणि 'आय' मध्ये विशिष्ट संगणक प्रणालीशी निगडित असा भाग आहे. सोयीसाठी पहिल्या गटास 'नियमभाग' आणि दुसऱ्यास 'चित्रणभाग' म्हणता येईल. खेळाची निर्मिती प्रामुख्याने नेक्स्ट संगणकांवर झाली, तो विकला गेला डॉस प्रणालीसाठी आणि १९९७ मध्ये खुला झालेला कोड लिनक्ससाठीचा होता. यावरून या विभागणीची व्यावहारिक निकड लक्षात येते.

खेळातील राक्षस, गोळे, औषधाच्या कुप्या, खुद्द खेळाडू या सर्वांसाठी 'मोब्ज' नावाची एकच संरचना वापरली आहे. तिच्या शीर्षफाइलीतील विस्तृत टिपणात या संरचनेची तीन कामे नमूद केली आहेत : चित्र कोठे काढायचे हे चित्रणास सांगणे, स्पर्श केव्हा होतो हे नियमभागास कळू देणे आणि आवाज कोठून येतो हे ध्वनिभागास कळू देणे. म्हणजे एकाच नोंदीचे तीन वाचक आहेत. ही नोंद स्वतःचे चित्र काढत नाही. चित्रमालिकेचा आणि तीतील चौकटीचा क्रमांक एवढेच ती जवळ बाळगते. त्या क्रमांकावरून पडद्यावर ठिपके कसे उमटवायचे, हे सर्वस्वी चित्रणभागाचे काम आहे.

येथे एक बारकावा लक्षणीय आहे. प्रत्येक वस्तू दोन निरनिराळ्या साखळ्यांत गुंफली जाते. एक साखळी ती वस्तू ज्या दालनात आहे त्या दालनाची. तिचा उपयोग चित्रणासाठी होतो. दुसरी नकाशावरील चौकोनी जाळीची. तिचा उपयोग टक्कर ओळखण्यासाठी होतो. एखाद्या वस्तूस यांपैकी कोणत्याही साखळीतून वगळता येते. त्यामुळे स्पर्शास जाणवणारी पण न दिसणारी वस्तू आणि दिसणारी पण कशालाही न अडवणारी वस्तू, असे दोन्ही प्रकार शक्य होतात. दिसणे आणि असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे येथे माहितीच्या रचनेतच मान्य केलेले आहे.

विभाजन कोठे साधले

विभाजनाची खरी कसोटी फाइलींच्या नावांत नसून वर्तनात असते. चित्रण पूर्णतः बंद केले तरी खेळाचे विश्व तसेच चालते काय, हा तो प्रश्न होय. 'डूम'मध्ये ही कसोटी आज्ञावलीतच अंतर्भूत आहे. वेग मोजण्यासाठी नोंदवलेला खेळ पुन्हा चालवताना चित्रण वगळण्याचा एक पर्याय दिलेला आहे. तो वापरल्यास पडद्यावर काही उमटत नाही, परंतु राक्षस चालतात, दरवाजे उघडतात आणि खेळ त्याच शेवटास पोचतो.

हे शक्य होण्यास काळ, यदृच्छा आणि संवेदन या तीन बाबतींत पाळलेली शिस्त कारणीभूत आहे.

खेळविश्वाचा काळ सेकंदास ३५ समान टप्प्यांनी पुढे सरकतो. या टप्प्यास 'टिक' म्हणतात. संगणक मंद असल्यास चित्रे कमी निघतात, टिक मात्र कमी होत नाहीत. मागे पडलेले टिक चित्रणापूर्वी पूर्ण केले जातात. खेळाडूने चित्राची चौकट लहान केली अथवा चित्राचा तपशील कमी केला, तरी राक्षसाचा वेग बदलत नाही.

यदृच्छेसाठी २५६ अंकांचा एक ठराविक तक्ता आहे. तो वाचणारी फंक्शने दोन आणि त्यांचे निर्देशकही दोन आहेत. एक खेळविश्वातील घटनांसाठी, दुसरे विश्वाबाहेरील बाबींसाठी. उदाहरणार्थ, पडद्याच्या तळाशी दिसणाऱ्या खेळाडूच्या चेहऱ्याचे हावभाव. तो चेहरा डावीकडे पाहतो की उजवीकडे, यावर राक्षसाचा नेम अवलंबून राहू नये, यासाठी ही तजवीज आहे.

संवेदनाची बाब सर्वांत उद्‌बोधक आहे. राक्षसास खेळाडू दिसतो की नाही, हे पडद्यावरील चित्रावरून ठरत नाही. नियमभागात त्यासाठी स्वतंत्र गणित आहे. कोणत्या दालनातून कोणते दालन दिसणे अशक्य आहे, याचा आगाऊ तयार केलेला तक्ता प्रथम पाहिला जातो आणि नंतर मधल्या भिंती तपासल्या जातात. आवाजाचेही तसेच. खेळाडूने गोळी झाडली की तिची चाहूल दालनांतून दालनांत पसरवली जाते आणि राक्षस सावध होतात. संगणकास ध्वनियंत्रणा जोडलेली नसली तरी राक्षसांना गोळीबार ऐकू येतो.

या शिस्तीचे फळ दीर्घकाळ टिकले. 'डूम'मधील नोंदवलेला खेळ म्हणजे चित्रफीत नव्हे. खेळाडूने दर टिकला दिलेल्या आज्ञा तेवढ्या त्यात असतात. एका खेळाडूसाठी दर टिकला ४ बाइट, म्हणजे मिनिटास ८४०० बाइट पुरतात. पुनःप्रदर्शनाच्या वेळी सारे विश्व या आज्ञांवरून नव्याने घडवले जाते. २००५ मध्ये सुरू झालेल्या 'चॉकलेट डूम' या प्रकल्पाने मूळ खेळाचे वर्तन त्यातील दोषांसह जतन करण्याचे ध्येय ठेवले. 'पीआरबूम'ने ओपनजीएलवर आधारलेले सर्वस्वी वेगळे चित्रण दिले. तरीही १९९० च्या दशकात नोंदवलेले खेळ या वंशज आज्ञावलींत त्याच पावलांनी चालतात. चित्रणभाग बदलला, पडदे बदलले, प्रणाली बदलल्या. संहिता शाबूत राहिली. संगणकीय कृतींच्या जतनाचा प्रश्न ग्रंथालयांपुढे आणि संग्रहालयांपुढे उभा असताना या उदाहरणाचे मोल केवळ तांत्रिक राहत नाही.

विभाजन कोठे ढळले

असे असले तरी 'डूम'चा कोड निर्दोष मानता येत नाही. त्यातील उणिवा तीन प्रकारच्या आहेत आणि त्यांचे गांभीर्य समान नाही.

पहिला प्रकार नावांचा आणि सामाईक चलांचा आहे. दोन बिंदूंमधील कोन काढणे किंवा एखादा बिंदू नकाशाच्या कोणत्या तुकड्यात पडतो हे शोधणे, ही शुद्ध भूमितीची कामे होत. परंतु ती करणारी फंक्शने चित्रणभागात आहेत आणि नियमभाग ती सर्रास वापरतो. त्यातही कोन काढणारे फंक्शन प्रेक्षकबिंदूचे सामाईक चल परस्पर बदलून टाकते. म्हणजे एखाद्या राक्षसाने खेळाडूकडे तोंड वळवले की कॅमेऱ्याची नोंद क्षणभर त्या राक्षसाच्या जागी जाते. पुढील चित्र काढण्यापूर्वी ती पुन्हा भरली जाते, म्हणून दोष पडद्यावर दिसत नाही. ही रचना सुरक्षित आहे ती केवळ कामाच्या क्रमामुळे. क्रम बदलू पाहणाऱ्या, विशेषतः दोन्ही भाग समांतर चालवू पाहणाऱ्या, प्रोग्रामरला ती अडचणीत आणील.

दुसरा प्रकार उलट दिशेच्या लेखनाचा आहे. चित्रण करताना जी भिंत दृष्टीस पडते, तिच्या नोंदीत 'पाहिली' अशी खूण चित्रणभाग करून ठेवतो. खेळाडूस दिसणारा नकाशा या खुणांवरून तयार होतो. येथे चित्रण विश्वाचे केवळ वाचन करत नाही, त्यात लेखनही करते. जतन केलेल्या खेळाच्या फाइलीतही या खुणा जातात. परिणामी, चित्रण बंद ठेवून चालवलेला खेळ आणि चित्रणासह चालवलेला खेळ यांच्या विश्वनोंदी तंतोतंत सारख्या राहत नाहीत. नियमभागातील कोणताही निर्णय या खुणेवर अवलंबून नसल्याने खेळाचा निकाल बदलत नाही, इतकेच.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर आहे. पडद्यावर एका वेळी दिसणाऱ्या जमिनी व छते यांच्या पट्ट्यांसाठी १२८ जागांचा तक्ता राखला आहे. ही मर्यादा ओलांडली गेल्यास आज्ञावली त्रुटीचा संदेश देऊन बंद पडते. वस्तूंच्या चित्रांसाठीही १२८ चीच मर्यादा आहे. पण ती ओलांडल्यास अधिकची चित्रे गाळली जातात आणि खेळ चालू राहतो. दोन समान मर्यादांना दिलेली ही भिन्न उत्तरे अर्थपूर्ण आहेत. दुसऱ्या उत्तरात प्रयोगातील उणीव प्रयोगापुरती राहते. पहिल्या उत्तरात नेपथ्याची एक फळी कमी पडली म्हणून नाटकच संपवले जाते. खेळाडूने कोठे उभे राहून कोठे पाहिले, यावर विश्वाचे अस्तित्व अवलंबून राहते. फाइली कितीही वेगळ्या असल्या तरी अपयशाच्या मार्गाने हे दोन भाग येथे एकमेकांना जखडलेले आहेत. आकृत्यांमध्ये अशी जखडण सहसा दाखवली जात नाही, म्हणून ती परीक्षकांच्या नजरेतूनही सुटते.

अविभाज्य राहिलेला भाग

काही ठिकाणी वस्तू आणि दर्शन यांची सरमिसळ उणीव म्हणून नव्हे, तर रचनेचा भाग म्हणून आढळते. 'डूम'मधील वर्तन ९६७ अवस्थांच्या एका तक्त्यात मांडले आहे. प्रत्येक अवस्थेत चित्राचा क्रमांक, ती किती टिक टिकेल, त्या वेळी कोणती कृती घडेल आणि पुढील अवस्था कोणती, हे एकाच ओळीत लिहिलेले असते. अग्निगोळे फेकणाऱ्या 'इंप' या राक्षसाच्या हल्ल्याच्या पहिल्या दोन अवस्था प्रत्येकी ८ टिकांच्या आहेत. तिसरी सुरू होताच गोळा सुटतो. म्हणजे हात उगारल्यापासून १६ टिकांनी, अर्ध्या सेकंदाहून किंचित आधी, हल्ला होतो. या हालचालीची गती वाढवली तर हल्लाही लवकर होईल.

शुद्ध विभाजनवादी दृष्टीने हा दोष ठरेल. परंतु खेळाच्या दृष्टीने पाहता हात उगारलेला दिसणे हीच खेळाडूला मिळणारी सूचना आहे. सूचना आणि कृती यांची वेळ एकत्र बांधलेली असणे हा त्या खेळाचा नियमच आहे. नाट्यसंहितेतील रंगसूचना जशा संहितेच्या अंगभूत असतात, तसेच हे आहे. 'पडदा हळूहळू पडतो' हे वाक्य संहितेत असते. पडदा कोणत्या दोरीने ओढायचा हे नसते. अवस्थांच्या तक्त्यात कोणते चित्र आणि किती वेळ एवढेच आहे. ते कसे काढायचे, हे नाही.

'स्पेक्टर' या धूसर राक्षसाचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. त्याच्यावरील एका खुणेमुळे चित्रणभाग त्याचे नेहमीचे चित्र काढण्याऐवजी त्याच्या आकाराएवढी पार्श्वभूमी विस्कटून दाखवतो. खेळाडूने अदृश्यतेचा गोळा घेतल्यास तीच खूण त्याला मिळते आणि मग राक्षसांचा नेम चुकू लागतो. एकच खूण चित्रणात धूसरता आणि नियमांत अनिश्चितता निर्माण करते. धूसर असणे हा येथे वस्तूचा गुण आहे. धूसर दिसणे हा त्या गुणाचा एक परिणाम आणि नेम चुकणे हा दुसरा. गुण वस्तूकडे ठेवून त्याचे अर्थ ज्याने त्याने लावावेत, ही मांडणी सुबक म्हणावी लागेल.

याउलट लुकलुकणाऱ्या दिव्यांचा प्रश्न वादग्रस्त राहतो. प्रकाश कमी झाल्याने राक्षसांना कमी दिसते, असा नियम 'डूम'मध्ये नाही. प्रकाश हा निव्वळ दर्शनाचा भाग आहे. तरीही दिव्यांचे लुकलुकणे नियमभागात आहे आणि त्यासाठी विश्वाच्याच यदृच्छा-तक्त्यातून अंक घेतले जातात. परिणामी, एखाद्या दालनातील दिवा स्थिर केला तर राक्षसांच्या नेमाचा क्रमही बदलू शकतो. चेहऱ्याच्या हावभावांबाबत दाखवलेली दक्षता येथे दिसत नाही. 'विश्वात आहे' आणि 'विश्वावर परिणाम करते' या दोन निकषांपैकी 'डूम'च्या कर्त्यांनी पहिला निवडला. विभाजनाच्या दृष्टीने दुसरा अधिक काटेकोर ठरला असता.

'क्वेक'च्या संदर्भात

याच संस्थेच्या १९९६ मधील 'क्वेक' या खेळात विभाजनाची सीमा अधिक ठळक झाली. एकट्याने खेळतानाही आज्ञावलीत सर्व्हर आणि क्लायंट असे दोन भाग असतात. सर्व्हर विश्व चालवतो आणि वस्तूंची जागा, कोन, प्रतिकृतीचा व चौकटीचा क्रमांक संदेशांतून पाठवतो. क्लायंट त्यावरून चित्र काढतो. सर्व्हर पडद्याशिवाय स्वतंत्रपणे चालू शकतो. १९९७ च्या आरंभी ओपनजीएलवर आधारित आवृत्ती आली, ती खेळाचे नियम न बदलता. असे असूनही राक्षसांच्या वर्तनाच्या लिपीत चित्रचौकट, पुढील अवस्था आणि कृती यांची एकत्र मांडणी कायम राहिली. सीमा एवढी कडक करूनही हा धागा तोडला गेला नाही, यावरून चौकट आणि कृती यांचे साहचर्य ही 'डूम'पुरती तडजोड नव्हती, असे दिसते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की वस्तू आणि चित्रण यांचे विभाजन हा अंतराचा प्रश्न नसून दिशेचा प्रश्न आहे. चित्रणाने वस्तू वाचावी. वस्तूने चित्रणाची वाट पाहू नये, त्याच्या नोंदींवर विसंबू नये आणि त्याच्या अपयशात सापडू नये. ही दिशा जेथे सांभाळली गेली, तेथे 'डूम'ची संहिता बदललेल्या पडद्यांवरही अबाधित राहिली. जेथे ती सुटली, तेथे फाइलींची आद्याक्षरे तिला वाचवू शकली नाहीत.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. विद्यार्थ्याच्या प्रकल्पात किती क्लास आहेत आणि आकृतीत किती चौकटी आहेत, हे विचारण्याआधी चार प्रश्न विचारले जावेत. चित्रण बंद करून आज्ञावली चालते काय? त्याच आज्ञा पुन्हा दिल्यास तोच निकाल मिळतो काय? चित्रणभाग विश्वाच्या नोंदींत काही लिहितो काय? चित्रण अयशस्वी झाल्यास खेळाचे काय होते? या प्रश्नांची उत्तरे आकृतीवरून मिळत नाहीत. आज्ञावली चालवून आणि वाचूनच मिळतात. क्लास नसलेल्या भाषेत लिहिलेला, सामाईक चलांनी भरलेला 'डूम' यांतील पहिल्या दोन कसोट्यांवर उतरतो आणि शेवटच्या दोन कसोट्यांवर कमी पडतो. नीटनेटक्या क्लासांत मांडलेला एखादा प्रकल्प पहिल्याच कसोटीवर अडखळू शकतो. गुणदानाच्या प्रचलित पद्धतीत मात्र हा दुसराच अधिक गुण मिळवून जाण्याचा संभव आहे. आज्ञावली वाचण्याची सवय अभ्यासक्रमात रुजली, तरच ही विसंगती दूर होऊ शकेल.